आरंभीची शिल्लक

२०२५ सालची दिवाळी तोंडावर आली होती. दसरा होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. सकाळी साडेसातच्या सुमाराला आमच्या खालच्या मजल्यावरची शेजारीण वर आली. ती फराळाचा आणि डब्यांचा व्यवसाय करते. या दिवसांत तिच्या घरातून भाजणीचा वास जिन्यापर्यंत येत असतो आणि तिला दोन शब्द बोलायला उसंत नसते. म्हणून ती आत येऊन खुर्चीवर टेकली तेव्हाच मला वाटलं, काहीतरी बिनसलंय.

"काकू, तुम्ही बँकेत होतात ना? एफडी मुदतीआधी मोडली तर किती कापतात हो?"

बँकेत जन्म काढलेल्या बाईला हा प्रश्न ओळखीचा असतो. त्याच्या मागे बहुधा आजारपण असतं, नाहीतर मुलांची फी. मुदतीआधी मोडली की व्याजाचा दर खाली येतो, वर थोडा दंडही कापतात, हे मी तिला सांगितलं. मग विचारलं, "पण मोडतेस कशाला?"

"कॉम्प्युटर घ्यायचाय. जुना गेला."

"बंद पडला?"

"बंद नाही हो, चालतो. पण फार रखडतो. दुकानातल्या मुलाला दाखवला. तो म्हणाला, ताई, नुसता चालू केल्या केल्याच ह्याची सत्तर टक्के मेमरी संपतेय. उरलेल्या तीस टक्क्यांत तुम्ही काम काय करणार? मशीन संपलं, नवीन घ्या."

तो संगणक तिच्या नवऱ्याने २०१६ मध्ये हौसेने घेतलेला. तो आज नाही. पण ऑर्डरींचा, उधारीचा आणि तेला-तुपाच्या खर्चाचा तक्ता त्याने तिला त्यावर बसवून दिला होता आणि धंद्याचा सगळा हिशेब अजून त्यातच आहे. दिवाळीच्या तोंडावर यंत्र बदलायचं, हिशेब हलवायचा आणि त्यासाठी ठेव मोडायची, हे मला काही पटेना.

मी इंजिनिअर नाही. पण माझी सगळी नोकरी शिलकेच्या आकड्यांत गेली. सकाळी शाखा उघडली की आरंभीची शिल्लक पाहायची, संध्याकाळी अखेरची जुळवायची. पैसे 'संपले' एवढं सांगून बँकेत कोणाची सुटका होत नाही. कुठल्या खात्याला नावे पडले, ते दाखवावं लागतं. म्हणून त्या सत्तर टक्क्यांबद्दल माझ्या मनात तोच प्रश्न आला. संपली म्हणजे नेमकी गेली कुठे?

"आज दुपारपर्यंत एफडीला हात लावू नकोस," मी म्हटलं, "मी खाली येते."

*

संगणकाची आणि माझी पहिली भेट शाखेतच झाली. १९८४ मध्ये डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणावर अहवाल दिला आणि पुढच्या काही वर्षांत शाखाशाखांतून लेजर पोस्टिंगची यंत्रं दिसू लागली. त्यांना एएलपीएम म्हणत. नोकऱ्या जातील म्हणून संघटनांचा विरोध होता, घोषणाही झाल्या. तरी यंत्र प्रत्यक्ष आलं त्या दिवशी आमच्या शिपायाने त्याला हार घातला आणि नारळ वाढवला. त्याच्यासाठी वातानुकूलित खोली केली होती. तिच्या दाराशी चपला काढून आत जावं लागे. मॅनेजरच्या केबिनलाही तो मान नव्हता.

पाठोपाठ पीसी आले. आयबीएमने १९८१ मध्ये जो पीसी बाजारात आणला त्याच्या सर्वांत स्वस्त नमुन्यात फक्त १६ किलोबाइट मेमरी होती. एक बाइट म्हणजे इंग्रजीचं एक अक्षर धरा. एक किलोबाइट म्हणजे १,०२४ बाइट. त्या यंत्राच्या प्रोसेसरला मेमरीतल्या जागांचे पत्ते सांगायला वीस तारा होत्या. वीस तारांवर १०,४८,५७६ पत्ते बसतात, म्हणजे एक मेगाबाइट. त्यातला वरचा ३८४ किलोबाइटचा भाग पडद्यासाठी आणि यंत्राच्या स्वतःच्या कामांसाठी राखून ठेवलेला होता. खालचे ६४० किलोबाइट, म्हणजे ६,५५,३६० बाइट, तुम्हा-आम्हाला. मशीनमध्ये मेमरी कितीही बसवा, डॉसवर चालणाऱ्या साध्या प्रोग्रॅमची धाव या ६४० च्या कुंपणापर्यंतच.

आणि या कुंपणाच्या आत पहिलं बिऱ्हाड मांडायची ती ऑपरेटिंग सिस्टिम. हा शब्द आता घरोघरी झाला आहे, तरी सांगते. यंत्र आणि आपण यांच्यामध्ये जो प्रोग्रॅम उभा असतो, जो कीबोर्ड वाचतो, पडद्यावर अक्षर उमटवतो, फाइल कुठे ठेवली ते लक्षात ठेवतो, तो हा. डॉस पन्नास-साठ किलोबाइट जागा घ्यायची. मग प्रिंटरचं काही, माऊसचं काही. उरायचे साडेपाचशे-पावणेसहाशे.

३० सप्टेंबर १९९२ ची रात्र मला चांगली आठवते. सहामाही क्लोजिंग होतं. बचत खात्यांना व्याज लावणारा प्रोग्रॅम सुरू करायला गेलो, तर पडद्यावर ओळ आली की पुरेशी मेमरी नाही. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तीच ओळ. मार्च महिन्यात याच यंत्रावर हाच प्रोग्रॅम बिनतक्रार चालला होता. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, इंजिनिअरचा फोन लागत नव्हता, आणि व्याज हाताने लावायचं तर आठवडा गेला असता.

कारण कळलं तेव्हा हसावं की रडावं समजेना. आमच्याच एका तरुण क्लार्कने गंमत म्हणून एक छोटा प्रोग्रॅम टाकून ठेवला होता. दोन कळा दाबल्या की पडद्यावर कॅलेंडर आणि कॅल्क्युलेटर यायचा. आम्हा सगळ्यांनाच तो आवडला होता. पण तो यंत्राबरोबर सुरू होऊन मेमरीत ठाण मांडून बसे, वापरा किंवा वापरू नका. त्याने अडवलेल्या जागेपायी व्याजाच्या प्रोग्रॅमला जागा कमी पडत होती. क्लार्कने मान खाली घालून आरंभीच्या सूचनांच्या फाइलमधली ती एक ओळ काढली, यंत्र पुन्हा चालू केलं आणि व्याज लागू लागलं.

त्या रात्रीपासून मला एक सवय लागली. यंत्र चालू झालं की 'मेम' ही आज्ञा द्यायची आणि किती घेतलं, किती उरलं ते पाहायचं. १९९१ मध्ये आलेल्या एमएस-डॉस ५ मध्ये एक सोय झाली होती. ऑपरेटिंग सिस्टिमचा बराचसा भाग एक मेगाबाइटच्या वर, चौसष्ट किलोबाइटच्या एका पट्टीत नेऊन बसवता यायचा आणि मग ६४० पैकी सहाशेहून अधिक मोकळे मिळायचे. यंत्र मात्र २८६ किंवा त्यापुढचं लागे. माळ्यावर जुनी पिंपं चढवून खालची खोली मोकळी करावी, तशातली ही गोष्ट. पंधरा-वीस किलोबाइट वाचले की शाखेत त्याचं कौतुक व्हायचं.

*

आता आजच्या यंत्राकडे येऊ. बटण दाबल्यापासून पडदा हाती येईपर्यंत आत काय चालतं, ते मी शाखा उघडण्याच्या भाषेत सांगते. मला तीच भाषा येते.

शाखेचं दार दहाला उघडे, पण काम त्याच्या बरंच आधी सुरू होई. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या. एक हेड कॅशिअरकडे, एक अधिकाऱ्याकडे. दोघांनी मिळून ती उघडायची, दिवसाला लागणारी रोकड बाहेर काढायची आणि काउंटरच्या खणांत वाटून द्यायची. पहिलं गिऱ्हाईक आत येण्याआधीच बरीच रक्कम तिजोरीतून काउंटरवर आलेली असे. ती खर्च झाली, असं कोणी म्हणत नसे.

संगणकात स्ट्राँगरूम म्हणजे डिस्क. सगळं तिथे कायमचं असतं, पण तिथपर्यंत जायला वेळ लागतो. काउंटरचा खण म्हणजे मेमरी. हाताशी असते, पण वीज गेली की रिकामी. बटण दाबल्यावर यंत्राच्या चिपमध्ये कायम कोरलेला एक लहान प्रोग्रॅम जागा होतो. तो हातपाय हलवून पाहतो. जुन्या यंत्रांत हे डोळ्यांना दिसायचं, पडद्याच्या कोपऱ्यात मेमरीचे आकडे टकटक वाढत जायचे. मग तो डिस्कवरून पुढचा तुकडा उचलतो. जुन्या पीसीत हा तुकडा अवघा ५१२ बाइटचा असे. तो आणखी मोठा तुकडा आणतो आणि अशा साखळीने ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा मेमरीत येऊन बसतो. या गाभ्याचा महत्त्वाचा भाग यंत्र बंद होईपर्यंत तिथून उठत नाही. त्यानंतर पडदा, आवाज, कीबोर्ड, वायफाय यांना चालवणारे ड्रायव्हर येतात. मग पडद्यामागे राबणाऱ्या सेवा. छपाईची रांग सांभाळणारी एक, घड्याळ लावणारी एक, विषाणूंवर पहारा ठेवणारी एक. शेवटी आपण पासवर्ड टाकतो आणि आपल्या नावावर नोंदलेले बाकीचे प्रोग्रॅम एकामागून एक आत शिरतात.

हे सगळं झाल्यावर जो आकडा दिसतो, तो दुकानातल्या मुलाने वाचून दाखवला होता.

हा आकडा फुगत गेला आहे, हे मात्र खरं. विंडोज चालवायला किमान किती मेमरी हवी, हे मायक्रोसॉफ्ट दर वेळी सांगत आली आहे. १९९५ च्या विंडोज ९५ साठी ४ मेगाबाइट. विंडोज ९८ साठी १६. २००१ च्या एक्सपीसाठी ६४. २००७ मध्ये सर्वांसाठी आलेल्या व्हिस्टाला ५१२. २००९ च्या विंडोज ७ ला एक गिगाबाइट, आणि ६४ बिटांची आवृत्ती असेल तर दोन. २०२१ च्या विंडोज ११ ला ४ गिगाबाइट. चार मेगाबाइटपासून चार गिगाबाइटपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षांत बरोबर १,०२४ पट. आमचे पगार या चालीने वाढले असते तर मी कादंबऱ्या लिहिण्याच्या भानगडीत पडले नसते!

पण नावे कुठे पडलं, ते पाहू. आधी पडदाच घ्या. ६४० बाय ४८० ठिपक्यांचा, सोळा रंगांचा जुना पडदा एकदा रंगवायला १५० किलोबाइट पुरत. आजचा साधा १,९२० बाय १,०८० चा पडदा एकदा रंगवायला जवळपास आठ मेगाबाइट लागतात, पन्नासपटीहून जास्त. शिवाय व्हिस्टापासून विंडोज प्रत्येक उघड्या खिडकीचं चित्र वेगळं सांभाळून ठेवू लागली. खिडक्या एकमेकींवरून इतक्या अलगद सरकतात, त्याची ही किंमत. यंत्रं ३२ बिटांची ६४ बिटांची झाली, तेव्हा मेमरीतला पत्ता लिहायला चार बाइटऐवजी आठ लागू लागले.

आणि आपली मराठी? डॉसच्या काळात ऑपरेटिंग सिस्टिमला देवनागरी माहीतच नव्हती. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड यंत्रात वेगळं बसवावं, तेव्हा पडद्यावर 'श्री' उमटे. विंडोजमध्ये देवनागरीची सोय मुळातच आली ती विंडोज २००० मध्ये. आज मी 'क्ष' लिहिते तेव्हा यंत्र क, हलन्त आणि ष असे तीन संकेत साठवतं. विंडोज आपल्या पोटात प्रत्येकाला दोन बाइट देते, म्हणजे एका जोडाक्षराला सहा. वर त्या तिघांचं एक अक्षर जुळवण्याचं काम निराळं. मेमरीच्या खर्चातला हा भाग मला कधी खुपला नाही. आपली भाषा यंत्रात आली ती याच वाटेने.

तरीही सगळाच खर्च असा सोज्वळ नाही. पास्कल भाषेचे जनक, स्वित्झर्लंडचे संगणकशास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच सडसडीत सॉफ्टवेअरची बाजू मांडणारा एक लेख लिहिला होता. यंत्रं ज्या वेगाने जलद होताहेत त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर संथ होतंय, हा त्यांचा मुद्दा. जागा स्वस्त झाली की काटकसर करण्याचं कारण उरत नाही, हे आपण घरातल्या माळ्यावरूनही सांगू शकतो. आज गप्पा मारण्याचे कितीतरी प्रोग्रॅम आपल्या पोटात अख्खा ब्राउझर घेऊन येतात. एक पत्र टाकायला सबंध पोस्ट ऑफिस घरी आणावं, तसं.

*

आता जरा विषयांतर वाटेल असं सांगते. ते विषयांतर नाही.

१९८९ च्या सुमाराला मी नवीनच अधिकारी झाले होते. एका किराणा व्यापाऱ्याने ओव्हरड्राफ्टची मर्यादा वाढवून मागितली. मी त्याचं खातं काढलं. रोज संध्याकाळची शिल्लक जेमतेम. कधी दोनशे, कधी ऐंशी रुपये. मी शेरा मारला, 'शिल्लक अत्यल्प, अर्ज नामंजूर करावा.' कागद आमच्या मॅनेजरसाहेबांकडे गेला. त्यांनी मला आत बोलावलं, खात्याचा उतारा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही उजव्या टोकाचा रकाना तेवढा वाचलात. आता मधले दोन वाचा."

मधले दोन म्हणजे जमा आणि नावे. दिवसभर पैसा येत होता आणि दिवसभर जात होता. गहू येत होता, साखर जात होती. शिल्लक नव्हती, कारण रुपया बसून राहत नव्हता. ज्याची शिल्लक मोठी आणि उलाढाल काही नाही, तो माणूस कदाचित दुकान बंद करण्याच्या बेतात असेल. अर्ज मंजूर झाला. माझा शेरा साहेबांनी खोडला नाही. त्याखाली आपला लिहिला. तो कागद बरीच वर्षं माझ्या नजरेसमोर होता.

शाखेला स्वतःलाही हाच नियम होता. किती रोकड बाळगायची त्याची मर्यादा ठरलेली असे. तिच्यापेक्षा जास्त नोटा तिजोरीत पडून राहिल्या की रीजनल ऑफिसचं पत्र यायचं, का ठेवली म्हणून. पडून राहिलेली रोकड व्याज कमवत नाही.

आजची ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीकडे अशीच बघते. रिकामी मेमरी वीज खातेच, काम मात्र काही करत नाही. मग यंत्र त्या जागेत तुम्हाला पुढे लागतील अशा गोष्टी आधीच आणून ठेवतं. व्हिस्टाने तर तुम्ही रोज कुठले प्रोग्रॅम उघडता याची नोंद ठेवून ते आधीच मेमरीत आणायची सोय केली. ही जागा उसनी असते. तुम्ही एखादा मोठा प्रोग्रॅम उघडला की क्षणात परत मिळते. मागताक्षणी परत मिळणारं कर्ज बँकेच्या भाषेत कर्ज कमी आणि रोकड जास्त. विंडोजचा टास्क मॅनेजर ही उसनी जागा 'उपलब्ध' या रकान्यात धरतो. लिनक्समध्ये 'मोकळी' आणि 'उपलब्ध' असे दोन वेगळे आकडे दिसतात आणि नवखा माणूस पहिला वाचून घाबरतो. वाचायचा असतो दुसरा.

यातून एक गोष्ट निघते, ती पहिल्यांदा ऐकताना उलटी वाटते. एकच विंडोज चार गिगाबाइटच्या यंत्रावर आणि सोळाच्या यंत्रावर टाका. सोळावाल्या यंत्रात ती चालू होतानाच जास्त मेमरी घेऊन बसलेली दिसेल. ती तिथे उधळी झालेली नसते. ऐपत पाहून खर्च करत असते. २०१७ मधल्या विंडोज १० च्या एका सुधारणेत तर हा नियमच घातला गेला. मेमरी साडेतीन गिगाबाइट किंवा जास्त असेल तर पडद्यामागच्या बऱ्याच सेवा एका टोपलीत न ठेवता वेगवेगळ्या चालवायच्या. जागा जास्त लागते, पण एक कोसळली तर बाकीच्यांना धक्का लागत नाही. माणसं कमी असली की एकच क्लार्क चार रजिस्टरं सांभाळतो. माणसं मिळाली की चार काउंटर मांडायचे.

म्हणजे टक्क्यांचा आकडा हा उजवा रकाना. मधले रकाने कुठले? काम करताना यंत्राला वारंवार स्ट्राँगरूमकडे पळावं लागतं का, हे. मेमरी खरोखरच कमी पडली की सिस्टिम सध्या न लागणारी पानं डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागली की परत आणते. मेमरीतून एखादी गोष्ट उचलायला सेकंदाचा साधारण एक कोटीवा भाग लागतो. फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कवरून उचलायला सेकंदाचा शंभरावा. फरक एक लाख पटींचा. खणातली नोट द्यायला एक मिनिट लागत असेल, तर या हिशेबाने स्ट्राँगरूममधली आणायला जवळजवळ सत्तर दिवस लागतील. मग गिऱ्हाईक ताटकळणारच.

*

दुपारी मी खाली गेले. कढई गॅसवर होती, म्हणून शेजारीण येऊन-जाऊन बघत होती.

आधी यंत्र 'रीस्टार्ट' केलं. हे सांगण्यासारखं आहे. २०१२ च्या विंडोज ८ पासून नुसतं 'शट डाउन' केलं तर यंत्र आपला गाभा पुसून टाकत नाही. तो डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तोच परत उचलतं, म्हणजे लवकर चालू होता यावं. नवीन पाटी हवी असेल तर 'रीस्टार्ट'च. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. चार गिगाबाइटपैकी सत्तर टक्के, मुलगा खोटं बोलला नव्हता. पण शेजारच्या ओळीत डिस्क शंभर टक्के गुंतलेली होती आणि कितीतरी मिनिटं ती तशीच राहिली.

मग 'स्टार्टअप' नावाची यादी उघडली. ही यादी म्हणजे बँकेतल्या स्टँडिंग इन्स्ट्रक्शन. कधीतरी आपण सही केलेली असते, विसरून गेलेलो असतो आणि दर महिन्याला खात्यातून रक्कम जात राहते. त्यात केव्हाच भंगारात गेलेल्या प्रिंटरचा मदतनीस होता. मुदत संपलेल्या अँटिव्हायरसचा नमुना होता. मुलाने शाळेत असताना टाकलेल्या खेळाचा दरबान होता. फोन जोडण्यासाठी एकदाच वापरलेलं काहीतरी होतं. एकेक वाचत गेलो. "हे लागतं?" मी विचारायची. "नाही बाई," ती म्हणायची. सहा ओळी बंद केल्या. यंत्र पुन्हा चालू केलं तेव्हा आकडा पन्नासच्या आसपास आला. १९९२ च्या रात्री एक ओळ होती, इथे सहा होत्या, एवढाच फरक.

रखडणं कमी झालं, संपलं नाही. कारण खरा दोष तबकडीच्या डिस्कचा होता. तिच्या जागी फिरता भाग नसलेली एसएसडी बसवली आणि मेमरी चाराची आठ केली. मेमरीचे भाव तेव्हा चढू लागले होते. २०२५ च्या अखेरीला तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी चिपा उचलल्यामुळे ते जगभर भडकले. आम्ही वेळेत घेतली. दोन्ही मिळून झालेला खर्च तिने फराळाच्या पहिल्या आठवड्याच्या कमाईतून भागवला.

एक गोष्ट मात्र तिच्यापासून लपवली नाही. तिच्या यंत्रावर विंडोज १० होती आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचा नेहमीचा आधार संपणार होता. विंडोज ११ त्या यंत्रावर रीतसर बसणार नव्हती. मेमरी पुरेशी होती, प्रोसेसर मान्य यादीत नव्हता. दुकानातला मुलगा याबद्दल बोलला असता, तर त्याचं म्हणणं मी मान खाली घालून ऐकलं असतं. सुरक्षेच्या सुधारणा मिळत नसलेलं यंत्र इंटरनेटला जोडून त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत, हे मी तिला दोनदा सांगितलं. लिनक्स टाकता येईल, तेही सांगितलं.

तिने थोडा विचार केला आणि आपला निर्णय घेतला. "काकू, ऑर्डरी नाहीतरी फोनवरच येतात. पैसेही फोनवर. ह्याला मी नुसता हिशेबाला ठेवते, इंटरनेट काढून. ह्यांनी करून दिलेला तक्ता तसाच राहील." तक्त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून माझ्या कपाटात ठेवायला दिली. लॉकरचं भाडं मी घेत नाही.

मी अजून रोज सकाळी माझा संगणक चालू करते आणि चहा गाळेपर्यंत तो जागा होतो. एक अक्षर लिहिण्याआधी त्याने काय घेतलं, ते एकदा पाहते. आठातले साडेतीन, कधी चार. मग स्टार्टअपच्या यादीवर नजर टाकते, कोणी न विचारता सही करून घेतली आहे का ते बघते आणि कामाला लागते.

धनत्रयोदशीला शेजारणीने फराळाचा डबा पाठवला. आम्ही दरवर्षी विकतच घेतो, त्याचं बिल सोबत होतं. त्याच यंत्रावर केलेलं, चकली, चिवडा, अनारसे, प्रत्येकाचं वजन आणि दर. शेवटच्या ओळीत 'काकूंना सूट' म्हणून दहा टक्के वजा केले होते. सवय जात नाही. मी पेन्सिल घेऊन बेरीज तपासली. बरोबर होती.